सहलीची तारीख कोणी ठरवायची?

येत्या शैक्षणिक वर्षाच्या सहलीचा प्रस्ताव सहल मंडळाच्या बैठकीत मांडला गेला, त्या वेळी मी हजर होतो. ठिकाण मालवण-तारकर्ली, मुख्य आकर्षण स्कूबा डायव्हिंग आणि तारीख दिवाळीच्या सुटीचा पहिला आठवडा असा तो प्रस्ताव होता. पहिल्या दोन कलमांना मी इतरांइतकाच जोरात हात वर केला. दरवर्षी तेच गणपतीपुळे, तोच रायगड आणि परतीच्या गाडीत त्याच भेंड्या, याला आपण सगळेच कंटाळलो आहोत. तिसऱ्या कलमाच्या वेळी मात्र मी हात खाली ठेवला. कारण विचारले गेले, पण ते पूर्ण ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. ‘पोफळीच्या डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला समुद्रातले काय कळते,’ असे एका मित्राने म्हटले, सगळे हसले (मीही हसलो) आणि ठराव मंजूर झाला. बैठकीत जे सांगायचे राहून गेले ते या वार्षिकांकाच्या पानांवरून सांगण्याची परवानगी संपादक मंडळाने दिली आहे. वर्गणी गोळा होण्यास अजून अवकाश आहे, तोवर विद्यार्थी मित्रांनी आणि विशेषतः प्राध्यापकवर्गाने याचा विचार करावा.

आपली सुटी आणि अरबी समुद्राचा स्वभाव यांची पत्रिका काही जुळत नाही, ही माझी पहिली तक्रार. अमेरिकेकडे ज्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून, तेच आपले चक्रीवादळ. नाव निराळे, जात एकच. अटलांटिक महासागरात त्याचा एकच लांबलचक हंगाम असतो, १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. आपल्याकडे मात्र दोन तुकडे पडतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे आणि जूनचा आरंभ. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतो, पण चक्रीवादळ सहसा होत नाही. त्या दिवसांत खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर, खूप उंचीवर, पूर्वेकडून येणारा जोरदार वारा अशी परस्परविरुद्ध ओढाताण चालू असते. वादळाचा मनोरा उभा राहण्याआधीच त्याचे डोके एका दिशेला आणि पाय दुसऱ्या दिशेला खेचले जातात. ही ओढाताण मे महिन्यात सुरू झालेली नसते आणि ऑक्टोबरात संपत आलेली असते. पाणी मात्र दोन्ही वेळा गरम असते.

आता महाविद्यालयाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. मोठी सुटी मे महिन्यात आणि मधली सुटी दिवाळीत. वर्षाचे बारा महिने समोर ठेवून जणू कोणी मुद्दाम हेच दोन निवडावेत! विद्यापीठाने अर्थात स्कूबा डायव्हिंगचा विचार करून सुट्या दिलेल्या नाहीत. पण आपण विचार करायला काय हरकत आहे? कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक छापते. लोखंडाचे रूळ टाकून बसलेली संस्था हवामानापुढे मान तुकवते आणि आपली सहल मात्र तुकवत नाही.

हे केवळ पुस्तकी नाही. २००९ साली दिवाळी होऊन तीन-चार आठवडे झाले होते, तेव्हा ११ नोव्हेंबरला फयान आले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले कितीतरी मच्छीमार त्या वेळी समुद्रात होते. त्या दिवसाच्या आठवणी हर्णैपासून मालवणपर्यंतच्या बंदरांवर अजून निघतात. २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभी ओखी कन्याकुमारीकडून वर सरकले आणि केरळ-तामिळनाडूच्या बोटींतले शेकडो खलाशी आसरा शोधत देवगड बंदरात येऊन थांबले. २०१९ चे उदाहरण तर आपल्या प्रस्तावावर बोट ठेवून दाखवावे असे आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते. २४ तारखेला रत्नागिरीच्या पश्चिमेस समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २५ ला, म्हणजे धनत्रयोदशीला, त्याचे क्यार नावाचे चक्रीवादळ झाले आणि लक्ष्मीपूजनापर्यंत ते महाचक्रीवादळाच्या पदवीला पोहोचले. अरबी समुद्रात त्याआधी अशी पदवी मिळाली होती ती फक्त २००७ च्या गोनूला. क्यार आपल्या किनाऱ्याला भिडले नाही, ओमानच्या दिशेने निघून गेले. तरीही मालवणजवळच्या देवबागसारख्या चिंचोळ्या वस्तीत उधाणाचे पाणी शिरले. क्यार शमते न शमते तोच महा नावाचे दुसरे वादळ मागून आले. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. आपला प्रस्ताव २०१९ साली अमलात आला असता, तर चाळीस विद्यार्थी आणि तीन प्राध्यापक फराळाचे डबे मांडीवर घेऊन तारकर्लीच्या खोलीत बसून राहिले असते. अर्थात खोलीत बसले असते तर नशीब, असे मी म्हणेन.

मे महिन्याची सुटीही निर्धोक नाही. २०२० चे निसर्ग ३ जूनला श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आले आणि आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. दुसऱ्याच वर्षी तौक्ते. त्याचा वेग लक्षात घेण्याजोगा आहे. १४ मे २०२१ रोजी लक्षद्वीपच्या बाजूला साधा कमी दाबाचा पट्टा, १५ ला चक्रीवादळ, १६ ला गोवा-सिंधुदुर्गासमोर आणि १७ च्या रात्री सौराष्ट्रात. म्हणजे चौदा तारखेला सकाळी पोफळीहून निघालेल्या माणसाने पंधराला मालवण पाहून सोळाला पाण्यात उतरायचे ठरवले असते, तर निघताना त्याला ज्याचे नावही माहीत नव्हते ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले असते.

येथे कोणी म्हणेल, धोक्याच्या दिवसांत सरकार जलक्रीडा बंदच ठेवते. चालू असेल तेव्हा जायला काय हरकत? या म्हणण्यात एक फसगत आहे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात, ही बंदी पावसाळ्याची आहे. चक्रीवादळे येतात ती बंदीचे दार लागण्याच्या आधी आणि उघडल्याच्या नंतर. कुलूप मधल्या खोलीला आहे आणि आपण दोन्ही पडव्यांमध्ये अंथरूण घालतो आहोत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हते, मोसमाचे केवळ शेवटचे दिवस होते. ‘चालू आहे’ याचा अर्थ ‘सुरक्षित आहे’ असा होत नाही, एवढेच त्यावरून घ्यायचे.

आणि आता पोफळीच्या माणसाला काय कळते त्याविषयी. आमच्या गावात कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली येते, १९६२ पासून येते आहे. निसर्गाच्या मनाप्रमाणे ते कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. माणसाने ते अडवून पश्चिमेला वळवले. पोफळीला टर्बाइन फिरवून झाले की हे अवजल वाशिष्ठीत पडते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जाते. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना एक धडा शाळेत जाण्याआधीच मिळतो: वर आभाळ निळेभोर असेल, पानही हलत नसेल, तरी खालचे पाणी वाढू शकते, कारण कुठेतरी दूर विजेची मागणी वाढली आहे आणि वीजगृहात यंत्र सुरू झाले आहे. पाण्याचे कारण पाण्याजवळ असतेच असे नाही.

समुद्राचेही तसेच आहे. पाच-सातशे किलोमीटरवरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा वाऱ्याच्या आधी, ढगांच्या आधी किनाऱ्यावर येतात. किनाऱ्यावर ऊन पडलेले असते, पर्यटक फोटो काढत असतात आणि समुद्र मात्र संथपणे, खोल श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असतो. पाण्याच्या पृष्ठभागावरची हालचाल लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते, असा साधारण नियम आहे. वाऱ्याने उठलेली रोजची लाट पन्नास मीटर लांब धरली तर तिचा परिणाम पंचवीस मीटरपर्यंत; दूरच्या वादळाची लाट दोनशे मीटर लांब असू शकते. मालवणला पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक हाताला धरून नेतो ते थोड्याच मीटरांवर, खडकांच्या आणि प्रवाळांच्या आसपास. तिथे ही लाट तळापर्यंत पोहोचते. माणूस पुढे-मागे झोके खातो, तळाचा गाळ उठतो, हातभर अंतरावरचा मासा दिसेनासा होतो. त्यात सिंधुदुर्गातल्या नद्यांनी पावसाळ्यात आणलेला गढूळपणा. ज्यासाठी आपण एवढा खर्च करून जाणार ते पाण्याखालचे जग पाहायचे असेल, तर ऑक्टोबरपेक्षा डिसेंबर-जानेवारीचे पाणी केव्हाही बरे.

दाबाचेही एक गणित आहे. समुद्रात दर दहा मीटरला हवेचा एक वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरांवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट. वर येताना फुप्फुसातली हवा त्याच हिशेबाने प्रसरण पावते. म्हणून श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा डायव्हिंगचा पहिला नियम. शांत पाण्यात तो नवख्यालाही पाळता येतो. लाट त्याला मनाविरुद्ध दोन मीटर वर उचलून परत खाली सोडत असेल आणि तो घाबरला असेल, तर काय होईल? घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती श्वास रोखण्याची. आपल्यापैकी निम्म्यांना विहिरीतसुद्धा पोहता येत नाही, हे मी वर्गात फिरून विचारले आहे. पोहता न येणाऱ्याला प्रशिक्षक खाली नेतात, फिरवतात, सुखरूप वर आणतात. पण ते चांगल्या पाण्यात. शिवाय आपले सर्व लक्ष पाण्याखालच्या त्या अर्ध्या तासावर आहे. खरा धोका असतो तो होडीत चढण्या-उतरण्यात आणि होडीच्या येण्या-जाण्यात.

आता माझ्या विरुद्ध बाजूचे म्हणणे. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुळात कमी होतात, बंगालच्या उपसागराच्या मानाने फारच कमी. बहुतेक दिवाळ्या कोरड्या आणि शांत जातात, मालवण माणसांनी फुलून जाते आणि सगळे हसत घरी येतात. मला हे पूर्ण मान्य आहे. उद्या आपली सहल दिवाळीत गेलीच, तर बहुधा काहीही होणार नाही. म्हणून माझा मुख्य आक्षेप दिवाळीला नाहीच. आक्षेप आहे तो आपल्या योजनेला. त्या योजनेत ‘जायचे नाही’ असे म्हणायला कुठेही जागा ठेवलेली नाही.

प्रस्ताव पुन्हा वाचा. बसचे पैसे आगाऊ, राहण्याचे आगाऊ, डायव्हिंगचे आगाऊ. मी ज्या एका ठिकाणी चौकशी केली तिथे आगाऊ रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही असे उत्तर आले. शेवटचा पेपर संपला की दुसऱ्या दिवशी प्रयाण. तिसऱ्या दिवशी डायव्हिंग. चौथ्या दिवशी परत. राखीव दिवस एकही नाही. अशा स्थितीत हवामान खात्याने नारिंगी इशारा दिला तर ‘रद्द’ हा शब्द कोण उच्चारणार? प्रतिनिधी म्हणणार, चाळीस जणांचे पैसे बुडवल्याचा ठपका मी का घेऊ? प्राध्यापक म्हणणार, मुलांचा एवढा उत्साह आहे. मुले म्हणणार, सर काही बोलत नाहीत म्हणजे ठीकच असेल. होडीवाला म्हणणार, चाळीस गिऱ्हाइके आहेत, बघू सकाळी. आणि सकाळी ऊन पडलेले असणार.

जगात अन्यत्र हे असेच घडले आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात हौशी डायव्हर मंडळींचा एक क्लब होता. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन वादळी हंगामात, त्यांची सहल मध्य अमेरिकेतल्या बेलीझला गेली. ही माणसे आपल्यासारखी नवखी नव्हती. आयरिस नावाचे हरिकेन येत असल्याचे कळले, तेव्हा त्यांची ‘वेव्ह डान्सर’ ही नौका आसऱ्यासाठी बिग क्रीक या बंदरात आणून धक्क्याला बांधली गेली. ८ ऑक्टोबरच्या रात्री दोर तुटले आणि नौका उलटली. आतल्या अठ्ठावीस जणांपैकी वीस दगावले, त्यांत सतरा त्या क्लबचे सहप्रवासी होते. नौका धक्क्याला बांधलेली होती; जमीन पावलाच्या अंतरावर होती. पाण्याखाली कोणीही मेले नाही.

आपल्याकडे तौक्तेच्या वेळी बॉम्बे हाय परिसरात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला. इशारे आधीच मिळालेले होते, तरी तो किनाऱ्याला आणला गेला नव्हता. नांगर तुटले आणि १७ मे रोजी तो गेला. त्याच्यावरचे आणि सोबतच्या टगबोटीवरचे मिळून ऐंशीहून अधिक जण मृत्युमुखी पडले. सहल आणि मजुरी यांची तुलना करणे योग्य नाही, हे मी जाणतो. ती माणसे पोटासाठी तिथे होती, मौजेसाठी नव्हे. परंतु इशारा कानी पडणे आणि त्यावरून कोणीतरी वेळेत निर्णय घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. हवामान खाते आज चांगले काम करते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोहोचला की वादळाला नाव मिळते, त्याची वाट नकाशावर काढली जाते, हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज देते, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. यात सहल रद्द करणारे कलम कुठेच नसते. ते आपणच लिहायचे असते.

माझे वडील पोफळीच्या वीजगृहात नोकरीला होते. तिथे यंत्राच्या दुरुस्तीला हात लावण्याआधी परमिट लागते. ज्याच्या नावावर परमिट आहे त्याने सही करून ते परत केल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. मग वरून कितीही फोन येवोत. त्या माणसाचा हुद्दा मोठा असतो असेही नाही. सहलीसाठी मला अशीच एक सही हवी आहे. प्राध्यापकांपैकी एका व्यक्तीने (वर्गणी, हिशेब, बसमधल्या जागा यांच्याशी ज्यांचा संबंध नाही अशा) निघण्याच्या तीन दिवस आधी, आदल्या दिवशी आणि डायव्हिंगच्या सकाळी अंदाज पाहावा आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे कागदावर लिहावे. अरबी समुद्रात नुसता कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला असेल तरी ‘नाही’. त्यांना कारणे विचारायची नाहीत, मतदान घ्यायचे नाही. होडीवरचा तांडेल किंवा प्रशिक्षक ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करायची नाही. उलट तो असे म्हणाला तरी त्याचा त्या दिवसाचा ठरलेला काही हिस्सा त्याला द्यायचा, हे आधीच बोलून ठेवायचे. त्याचा हंगाम सहा-आठ महिन्यांचा असतो. आपण ‘आम्ही एवढ्या लांबून आलो’ म्हणून त्याच्यापुढे उभे राहतो, तेव्हा त्याच्या पोटाला आणि त्याच्या शहाणपणाला एकमेकांशी झुंजायला लावतो. हे मला बरे वाटत नाही.

मालवणच्या एका तांडेलाशी मी फोनवर बोललो. दिवाळीत अमुक तारखेला समुद्र कसा असेल, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, ‘तारीख आताच कशी सांगू? वारो बघूक व्हयो.’ आणि मग त्याने मलाच विचारले, ‘तुमची परीक्षा कधी संपता?’ मी तारीख सांगितली. ‘मगे परीक्षेनंतर एकदम कित्याक येतास? जानेवारीत येवा.’

जानेवारीला अडचणी आहेत. स्नेहसंमेलन त्याच सुमारास असते, नाटकाच्या तालमी चालू असतात, आणि तासिका बुडतात म्हणून प्राध्यापक नाराज होतात. नाताळच्या सुटीत जावे तर मालवणला पाय ठेवायला जागा नसते आणि दर दुप्पट. मी वेळापत्रक पाहून असे सुचवतो की, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचा शुक्रवार ते रविवार घ्यावा आणि त्याच्यापुढचा आठवडा राखीव म्हणून जाहीर करावा. बुडालेल्या तासिका आम्ही शनिवारी दुपारी भरून देऊ. आगाऊ रक्कम फक्त बसची भरावी. डायव्हिंगचे पैसे धक्क्यावर द्यावेत, आणि तसे चालवून घेणाराच व्यावसायिक निवडावा. समुद्राने नाही म्हटले तर किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग आहेच. तिथे होडीही जाणार नसेल तर कुडाळ-सावंतवाडीकडे वळावे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि राजवाडा पाहण्यात कमीपणा नाही. इतिहासाच्या सरांना तर ते अधिकच आवडेल, अशी मला शंका आहे.

दमा, कानाचा जुना विकार, हृदयाचा त्रास ज्यांना असेल त्यांनी वर्गणी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि डायव्हिंगच्या ठिकाणी भरून घेतात त्या अर्जावर खरे तेच लिहावे. सर्दी झालेल्याने त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कान मोकळे होत नाहीत. होडीत लाइफ जॅकेट अंगावर हवे, बुडाखाली नव्हे.

सहल मंडळाची पुढील बैठक जूनमध्ये महाविद्यालय उघडल्यावर होईल. हा विषय पुन्हा घ्यावा असा लेखी अर्ज मी दिला आहे. त्यावर आतापर्यंत अकरा सह्या आहेत. मंडळाच्या नियमाप्रमाणे वीस लागतात. अर्ज वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ ठेवला आहे.